लॉस इस्लोतेसला सी लायनमध्ये पोहायचं असेल तर

मेक्सिकोतल्या ला पाझहून बोटीने तास-सव्वा तासावर, एस्पिरितू सांतो बेटांच्या उत्तर टोकाला लॉस इस्लोतेसचे खडक आहेत. कॅलिफोर्निया सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री सस्तन प्राणी, तिथे बारमाही असतात. पण १ जून ते ३१ ऑगस्ट हा विणीचा काळ, तेव्हा पाण्यात उतरायला बंदी. ऑक्टोबर उत्तम: पाणी कोमट आणि जून-जुलैत जन्मलेली पिल्लं एव्हाना पोहण्यात तरबेज. जानेवारी ते मार्च पाणी २० अंशांच्या आसपास, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोशाख) हवाच. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की बंदर बंद होतं. ला पाझला एखादा दिवस हाताशी राखून ठेवा.

मालवणला ट्यूब धरून, गाइडच्या आधाराने स्नॉर्केलिंग केलं असेल तर ते इथे पुरणार नाही. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं, पण नळीतून श्वास घेत लाटेवर स्थिर राहणं ज्याचं त्याला जमायला हवं. तरणतलावात आधी सराव करा. नवा मास्क असेल तर काच आतून टूथपेस्टने घासून घ्या, नाहीतर वाफ धरत राहते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी शिरतंच. तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, मास्कची कडा खराब होते.

पाण्यात उतरल्यावर सी लायनचा पाठलाग करायचा नाही. त्यांच्या वेगापुढे आपली काय कथा! हात छातीशी घेऊन तरंगत राहा, पिल्लं आपणहून येतात. त्यांना हात नसल्यामुळे सगळी चौकशी तोंडाने: आपल्या पायातल्या फिनचं टोक, जॅकेटचा पट्टा, कॅमेऱ्याची दोरी चावून बघतात. झटका देऊन ओढलंत तर त्यांना तो खेळच वाटतो. बोटाला दात लागून रक्त आलं तर डॉक्टरांना चावा कशाचा ते आवर्जून सांगा. यातून होणाऱ्या ‘सील फिंगर’ संसर्गावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातली औषधं लागतात.

खरं भान ठेवायचं ते नराचं. वजन ३०० किलोच्या घरात, रंग गडद, कपाळावर ठळक उंचवटा. तो खडकालगत फेऱ्या मारत असतो आणि पाण्याखालीही भुंकतो. तो आणि खडक यांच्या मध्ये कधीही जायचं नाही. तोंडासमोर बुडबुडे सोडत अंगावर आला तर तो इशारा समजा. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू बोटीच्या दिशेने मागे सरका.

परतताना ओल्या अंगावर वारा झोंबतो, त्यामुळे ड्राय बॅगेत विंडचीटर असू द्या. मळमळीची गोळी मात्र निघण्याआधी तासभर घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.