रायफल घेऊन विमानप्रवास: नेरुळ ते म्युनिक

पनवेलच्या रेंजवर हल्ली नवे नेमबाज एकच गोष्ट विचारतात: परदेशात स्पर्धेला जाताना स्वतःची रायफल न्यायची कशी? तिथे भाड्याने घेऊन भागत नाही. स्टॉकची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची, मापं आपल्या अंगाला बसवलेली असतात, आणि पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे 0.22 इंच बोअरच्या रायफलमध्ये, काडतुसांचा कुठला लॉट (एकाच वेळी बनलेला गट) आपल्या नळीला जुळतो यावर निकाल फिरतो. म्हणून म्युनिकजवळच्या होखब्रुक रेंजवर सरावाला जाताना दादाने आणि मी आमच्याच रायफली नेल्या.

आधी मार्ग ठरवा, तिकीट मग काढा. आखातातून किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरातून विमान बदलून जाणं स्वस्त पडतं, पण शस्त्र नुसतं त्या विमानतळावरून पुढे जाणार असलं तरी त्या देशाची वेगळी परवानगी लागू शकते. दोन कंपन्यांची विमानं असतील तर मंजुरीही दोघींची हवी. आम्ही सरळ मुंबई-म्युनिक थेट विमान घेतलं. चार पैसे जास्त गेले, पण एका देशाचे कागद वाचले. तिकीट निघाल्याबरोबर कंपनीला रायफलचा मेक, बोअर, अनुक्रमांक आणि काडतुसांचं वजन ईमेलने कळवा आणि मंजुरी लेखी मागा. फोनवरचं ‘चालेल’ काउंटरवर उपयोगी पडत नाही.

काडतुसांचा आंतरराष्ट्रीय नियम पक्का आहे: माणशी 5 किलो, तेही वेष्टणासकट, फक्त चेक-इन सामानात. दोघांची मिळून एका खोक्यात 10 किलो चालत नाहीत. पॉइंट टू-टूच्या 500 काडतुसांचं वजन साधारण पावणेदोन किलो भरतं, त्यामुळे नेमबाजाला 5 किलो पुरतात. मूळ डब्यांतच ठेवा, सुटी पिशवीत भरू नका.

रायफल रिकामी, बोल्ट (नळीमागचा सरकता खटका) काढलेला, कडक पेटीला कुलूप आणि किल्ली खिशात, कारण पेटी तुमच्यासमोरच उघडतात. टर्मिनल 2 वर अधिकाऱ्याने टॉर्च लावून रिसीव्हरवरचा (बोल्ट बसतो त्या मधल्या भागावरचा) अनुक्रमांक एकेक आकडा बोटाने दाखवत परवान्याशी ताडून पाहिला. परवाना, कंपनीची मंजुरी, जर्मनीची परवानगी, स्पर्धेचं निमंत्रण या सगळ्यांवर तो क्रमांक आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत सारखं असू द्या. मूळ परवाना हातातल्या बॅगेत ठेवा. वाशीच्या पुलाअलीकडे नाकाबंदी असली तर तिथेही तोच दाखवायचा.

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 10 मध्ये परवानाधारकाला स्वतःच्या वापरापुरतं शस्त्र देशाबाहेर नेण्याची आणि परत आणण्याची मुभा आहे. तरीही पेटी चेक-इनला देण्याआधी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्याच. परतताना रायफल इथूनच गेली होती याचा पुरावा तोच, नाहीतर ड्युटीचा प्रश्न उभा राहतो. या सगळ्यात वेळ जातो. आम्ही उड्डाणाच्या पाच तास आधी पोहोचलो होतो आणि तो वेळ लागलाच. गाडी मोठी सांगा, लांब पेटी छोट्या टॅक्सीच्या डिकीत मावत नाही.

एअर रायफलवाल्यांनी दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढून पूर्ण रिकामा करून न्यावा. म्युनिकला पेट्या आम्हाला पट्ट्यावर नव्हे, वेगळ्या खिडकीवर मिळाल्या. तिथून लाल मार्गाने कस्टम्सकडे जाऊन कागद दाखवायचे. रेंज विमानतळ आणि शहराच्या मध्येच आहे, टॅक्सीने लगेच पोहोचता येतं. 1972 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या त्या फायरिंग पॉइंटवर आपली रायफल घेऊन पालथं पडताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर शिकारीला जाणारे ओळखीचे काही जण आहेत. त्यांना बंदूक नेण्यासाठी एसएपीएस 520 हा तिथल्या पोलिसांचा अर्ज लागतो. त्यावरची सही घरून करून नेऊ नका, ती तिथल्या पोलीस अधिकाऱ्यासमोरच करायची असते. काडतुसांची मर्यादा दर बंदुकीमागे 200.

उरलेली काडतुसं परत आणणार असाल तर परतीच्या विमानासाठीही मंजुरी आधीच मागून ठेवा.