कूस बदलण्याचा हिशेब

गरोदरपणाचा आठवडा 31, रात्र

झोपेतल्या झोपेत कूस बदलणे माझ्यापुरते संपले आहे. आधी जागे व्हायचे, गुडघे एकमेकांना चिकटवायचे, मग त्यांच्यामधली उशी निसटू न देता खांदे आणि कंबर एकदमच वळवायची. एवढे सांभाळूनही जांघांच्या मधल्या हाडात अशी कळ येते की तिथे हाडावर हाड घासते आहे असे वाटावे. आज हे 4 वेळा झाले, म्हणजे झोप 5 तुकड्यांत मिळाली.

सकाळी सलवार पलंगावर बसून घातली, कारण एका पायावर उभे राहिले की कळ थेट मांडीत उतरते. जिना मी लहान मुलासारखी चढते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. वरच्या खोलीत काही विसरले तर ते खरेच लागणार आहे का, याचा आधी विचार होतो. संध्याकाळचे फिरणे सुटले, मैत्रिणीकडे जाणे सुटले आणि चिडचिड मात्र वाढली. दुखण्यापेक्षा हे आक्रसत जाणे मला जास्त लागते.

पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा ‘गरोदरपणात एवढे व्हायचेच’ असे उत्तर मिळाले होते. उत्तर अगदीच खोटे नव्हे, कारण साधारण दर 5 गरोदर स्त्रियांमागे एकीला हे दुखणे होते; पण पुष्कळ जणींना होते म्हणून त्यावर उपायच करायचा नाही, हा न्याय आपण दाढदुखीला लावत नाही.

आज अखेर फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने थोडा वेळ उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला, तर तो दुसऱ्याच कोणाचा असावा इतका जड लागला. मग तिने दोन्ही तळहातांनी माझी कंबर बाजूंनी आवळून धरली आणि तोच पाय सहज वर आला. त्या क्षणी मला रडू आले, कारण माझे दुखणे मनाचे खेळ नव्हेत हे पहिल्यांदाच कोणी दाखवून दिले होते. कमरेच्या हाडांचे कडे पुढे एका आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेले असते. पुढच्या सांध्यातले एरवीचे 4 ते 5 मिलिमीटरचे अंतर गरोदरपणात आणखी 2 ते 3 मिलिमीटरने वाढते, मात्र अंतर जास्त म्हणून दुखणे जास्त असा सरळ हिशेब नसतो, असे ती म्हणाली. बाळाला यापासून धोका नाही आणि बहुतेकींचे दुखणे बाळंतपणानंतर ओसरते. रक्तस्राव, ताप किंवा ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा असल्या तर मात्र ते याच दुखण्याचे असेल असे न मानता लगेच डॉक्टरांकडे जायचे.

पट्टा आणि थोडे व्यायाम मिळाले. शिवाय, गुडघे न दुखता किती फाकतात ते मोजून फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगितले आहे, म्हणजे प्रसूतीच्या वेळी कंबरेखालचा भाग इंजेक्शनने बधिर केला तरी कोणी त्यापलीकडे ताणणार नाही. जेवणानंतर नवऱ्याने शिलाईच्या डब्यातली टेप आणून मोजले. 34 सेंटिमीटर भरले. आकडा त्याने फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.