तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी नाही तर खंड्या जगतो कशावर?

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, कधी लग्नात, कधी एसटीत, की तुमच्या मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, नदीत मासा नाही, मग खंड्या खातो काय? आणि पाठोपाठ दुसरा, माणसं टँकरची वाट बघतायत आणि तुम्हाला पाखराचं पडलंय? दोन्हीचं उत्तर देऊन टाकते.

मासा लागतो तो कवड्या खंड्याला, काळा-पांढरा, पाण्याच्या वर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. तो बघायला पैठणला नाथसागरावर जा. पण आपल्या शेतात तारेवर बसतो तो वेगळा, तपकिरी डोकं, पांढरी छाती, निळी पाठ. नाकतोडे, सरडे, बेडूक, एखादा उंदीर, सगळं चालतं त्याला, कोरड्या रानातसुद्धा भागतं. त्याला अडतं ते उभ्या कच्च्या मातीच्या भिंतीपाशी, आणि ते मला आजवर एकानंही विचारलं नाही.

नर-मादी दोघं ओरडत येऊन चोचीनं भिंतीला धडकतात, टेकण्यापुरता खळगा झाला की मग बसून खणतात. साधारण अर्धा मीटर बोगदा, आत 4 ते 7 पांढरी अंडी, 3 आठवडे उबवायला आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. हे सगळं मुख्यतः मार्च ते जुलै. नदीच्या दरडी आमच्याकडं वाळूवाल्यांनी खाल्ल्या, राहिल्या जुन्या न बांधलेल्या विहिरी.

तशीच माझ्या माहेरची. वरच्या मातीच्या थरात बीळ होतं, तोंडाखाली विष्ठेचे पांढरे ओघळ, म्हणजे आत पिल्लं. विहीर खोल करून वरपर्यंत बांधून घ्यायचं दादानं ठरवलं होतं. म्हटलं, दादा, थोडे दिवस थांब, उडून जातील ती. म्हणाला, "बाई, पाऊस थांबल का तुह्या पाखरासाठी?" आणि पोकलेनवाला तर ठरल्याच्या आधीच आला, पुढं त्याला दुसऱ्या गावचं काम होतं. पहिल्याच खेपेत ती बाजू खाली आली. मातीत पिल्लं होती, पिसांच्या नळ्या अजून उघडायच्या होत्या, दोन जिवंत होती थोडा वेळ. मोठा पक्षी चोचीत सरडा धरून मोटारीच्या तारेवर बसला, उडाला, जिथं बीळ होतं तिथल्या हवेत फडफडला, परत तारेवर. अंधार पडेपर्यंत हेच. सरडा त्यानं गिळला नाही. वहिनी मला घरात चल म्हणत होती आणि मी जात नव्हते, आणि दादा माझ्याकडं न बघता डिझेलचा हिशोब करत होता.

त्या विहिरीला पाणी लागलं. दादाची मोसंबी त्याच पाण्यावर वाचली आणि त्या बागेवर पोरीची फी भरली गेली, हे मला माहितीय, कुणी ऐकवायची गरज नाही. मी पाण्याच्या विरोधात नाही हो, मीही डोक्यावर हंडे वाहिलेत. आणि तरी ते चुकीचंच झालं असं मला वाटतं. पूर्वी मी म्हणायचे, घरटं मोडलं तर खंड्या दुसरं करतो, जात टिकते, एवढं काय. करतोही. पण कुठल्या भिंतीत? आजूबाजूच्या विहिरी एकेक करून बांधल्या जातायत. यावर तेव्हाची मी म्हणेल, मग कच्ची विहीर ढासळू द्यायची का, आत माणूस असताना? तिला मी अजून गप्प करू शकलेली नाही.

दादानं मागं एकदा विचारलं, मग कधी खणायची सांग. दिवाळीनंतर म्हणावं तर विहीर भरलेली असते, आणि ती तळाला जाते मार्च-एप्रिलला, नेमकी तेव्हाच.