शिरोरेषा आणि लाकडाची रेषा : 'अंगण' पाटीच्या कामाची नोंद

ताईच्या नव्या घराची 'अंगण' ही पाटी गेल्या रविवारी पूर्ण झाली. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने नक्षी कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, कापलेली ही माझी तिसरी देवनागरी पाटी. आधीच्या दोन पाट्या 6 मिलिमीटरच्या प्लायवुडच्या होत्या, ही मात्र 12 मिलिमीटरच्या सागवानाची आहे. प्लायवुडमध्ये जे प्रश्न कधी जाणवलेच नव्हते, ते सागवानात एकदम समोर उभे राहिले, म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या लिपीचे या कामातले सर्वांत मोठे बळ म्हणजे शिरोरेषा. रोमन अक्षरांत नाव कापले की प्रत्येक अक्षर सुटे होते आणि ती सगळी ओळीत बसवण्यासाठी खाली वेगळी पट्टी घ्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषा हीच तुळई असते. सगळी अक्षरे तिला टांगलेली राहतात आणि अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. पण लाकूड जितके तंतूंच्या दिशेने चिवट असते, तितकेच तंतूंच्या आडवे ठिसूळ असते. शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर, म्हणजे तंतूंच्या दिशेने, घेतली, तर काने आणि अक्षरांचे उभे दंड नेमके रेषेला आडवे येतात आणि बोटाचा धक्काही त्यांना पुरतो. शब्द काटकोनात फिरवून मांडला, तर दंड भक्कम होतात, पण तुळईच कुठेतरी मधोमध तुटते. प्लायवुडचे थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे तिथे हा पेच येत नाही. अखंड लाकडात मात्र दोन्हीपैकी एक बाजू कमकुवत राहणार, हे धरूनच अक्षरांची आखणी करावी लागते.

हे मला पहिला तुकडा वाया गेल्यावर समजले. वखारीतून आणलेल्या फळीचा एक छान सरळ रेषेचा भाग निवडून मी शब्द 340 मिलिमीटर लांबीचा आखला होता आणि दंडांची रुंदी प्लायवुडच्या सवयीने 7 मिलिमीटर ठेवली होती. कापणी उत्तम झाली, कडा स्वच्छ आल्या, आणि काचपेपर मारताना 'ण'चा दंड शिरोरेषेच्या अगदी खाली कट्कन तुटला. तुटलेली जागा भिंगातून पाहिली, तेव्हा दंड आणि शिरोरेषा जिथे मिळतात तिथल्या आतल्या टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू झाल्याचे स्पष्ट दिसले. सगळा ताण अशा तीक्ष्ण कोपऱ्यात गोळा होतो, आणि रेषेला आडवा असलेला अरुंद दंड तो सोसू शकत नाही.

दुसऱ्या आखणीत मी दोन बदल केले. दंडांची रुंदी 12 मिलिमीटर केली आणि दंड शिरोरेषेला जिथे मिळतात, तिथले सगळे आतले कोपरे सुमारे 2 मिलिमीटर त्रिज्येने गोल केले. हा गोलावा लांबून दिसतही नाही, पण हाताला फरक लगेच कळतो. अक्षरांच्या आकारासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'बलू' हा मोफत मिळणारा टंक पायाभूत धरला, कारण तो मुळातच जाड आणि गोलसर आहे. त्यावर कागद ठेवून मी पेन्सिलीने अक्षरे पुन्हा काढली. 'अ'चा डावा भाग मधल्या आडव्या दांडीवर तोललेला असतो, म्हणून ती दांडी मी मुद्दाम जाड केली. ती लाकडाच्या रेषेबरोबर जात असल्यामुळे तिथे काळजी उरली नाही. 'ग'चा डावा पाय एकटाच लोंबतो, त्यामुळे त्याची मान रुंद केली. 'ण'च्या डाव्या वाटीची दोन्ही टोके शिरोरेषेला टेकतात, त्यामुळे तो भाग आपोआप बळकट होतो. मात्र वाटीच्या पोटातली जागा चारही बाजूंनी बंद असल्याने तिथे आधी भोक पाडून पाते आतून ओवावे लागते.

आता अनुस्वार. 'अंगण'मधला अनुस्वार शिरोरेषेच्या वर अधांतरी असतो आणि त्याला कशाचाच आधार नसतो. कागदावर मी त्याला एक बारीक मान काढून शिरोरेषेला जोडून पाहिले, पण मग वाचताना तो अनुस्वार वाटेना, अर्धवट मात्रा वाटू लागली. शेवटी शब्द पाठीमागच्या फळीवर चिकटवायचे ठरवले आणि अनुस्वार त्याच तुकड्यातून वेगळा गोल कापून त्याच्या जागी बसवला. पाठीची फळीही सागवानाचीच घेतली आणि तिची रेषाही शब्दाच्या रेषेच्याच दिशेने ठेवली. पावसाळ्यात लाकूड रेषेच्या आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दोन्ही थर एकाच दिशेने हलले तर एकमेकांना ओढत नाहीत. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घेतले.

कापणीकडे वळतो. माझे यंत्र 16 इंची आहे, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत 400 मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर मिळते, त्यामुळे 340 मिलिमीटरचा शब्द टेबलावर पूर्ण फिरवता येतो. पाती मी बिनपिनची, म्हणजे टोकांना आडवी पिन नसलेली, वापरतो, कारण पिनच्या पात्यासाठी लागणारे मोठे भोक बारीक जाळीकामात जागाच देत नाही. या कामाला 5 क्रमांकाचे, खालचे काही दात उलटे असलेले पाते लावले. ते उलटे दात पाते वर जाताना खालच्या बाजूचे तंतू आत ढकलतात, त्यामुळे मागच्या कडेला कुसळे फार कमी निघतात. ताण बरोबर बसला आहे की नाही हे मी अजूनही कानानेच ठरवतो: पाते बोटाने छेडले की तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, उंच सूर आला पाहिजे. आवाज बोदा आला तर पाते वळणावर पोट काढते आणि कड तिरकी होते.

टेबल पात्याला काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी माझ्या हाती आता एक खात्रीची पद्धत आली आहे. गुण्या पात्याला टेकवून नीट कळत नाही, कारण पाते जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. त्याऐवजी दोन इंच जाडीचा एक टाकाऊ ठोकळा घेऊन त्यात किंचितशी चीर पाडायची, यंत्र थांबवायचे, ठोकळा पात्याच्या मागे नेऊन तीच चीर पात्याच्या पाठीला लावून पाहायची. चीर पात्यावर वरपासून खालपर्यंत अलगद सरकली तर टेबल काटकोनात आहे. वर किंवा खाली अडली तर टेबलाचा कोन तितका हलवावा लागतो. पाती बनवताना दातांच्या एका बाजूला सूक्ष्म खरबरीत कड राहते, म्हणून बरीचशी पाती थोडी उजवीकडे ओढतात. सरळ रेषा कापतानाही तुकडा काही अंश तिरका धरून पुढे द्यावा लागतो, आणि नवशिक्याला आपलाच हात वाकडा असल्याचे वाटत राहते. मला हे समजायला पहिले सहा महिने गेले.

सागवान पात्याचा जीव लवकर घेतो. त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. माझ्या अनुभवात 12 मिलिमीटरच्या सागात एक पाते साधारण वीस मिनिटे नीट चालते. त्यानंतर तुकडा पुढे ढकलावा लागतो, कडा काळवंडू लागतात आणि करपट वास येतो. तो वास येण्याआधीच पाते बदलले पाहिजे, हे या पाटीत मी कटाक्षाने पाळले आणि एकूण सहा पाती वापरली. नमुन्याच्या कागदावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावल्यानेही करपणे बरेच कमी झाले. कागद थेट लाकडावर न चिकटवता आधी मास्किंग टेप लावून तिच्यावर चिकटवला, त्यामुळे शेवटी सगळे एका ओढीत निघाले आणि लाकडावर गोंदाचा डाग राहिला नाही.

कापण्याचा क्रम असा ठेवला: आधी 'ण'च्या वाटीचे पोट, मग अक्षरांमधल्या खालून उघड्या जागा, आणि शिरोरेषेची वरची कड अगदी शेवटी. वरचे लाकूड जोडलेले असेपर्यंत तुकडा कडक राहतो आणि दंड थरथरत नाहीत. पहिल्या प्रयत्नात मी हा क्रम उलटा घेतला होता.

गॅरेजमध्ये एक सुधारणा केली आहे. यंत्र जड बाकाला बोल्टने आवळून खाली रबराची चटई घातल्यापासून कंपन इतके कमी झाले आहे की बारीक वळणे हाताला सोपी जातात. सागाच्या भुश्याने मला शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात, पण प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत घटकांत केली आहे. त्यामुळे पाच मिनिटांचे काम असले तरी मी एन-95 मुखपट्टी लावूनच शटर वर करतो, आणि आपल्यापैकी जे अजून नुसता रुमाल बांधतात त्यांना मनापासून सांगतो की रुमाल पुरत नाही.

शेवटचा हात जवसाच्या उकळलेल्या तेलाचा दिला आणि ते पूर्ण वाळल्यावर पॉलियुरेथेनचे दोन पातळ थर मारले. पाटी पोर्चच्या छताखाली असली तरी पावसाचे तुषार तिथपर्यंत येतात आणि लाखेचे पॉलिश ओलाव्याने पांढरे पडते. तेलाची फडकी दोरीवर मोकळी पसरून वाळवली. बोळा करून टाकलेले असे फडके आपोआप तापून पेट घेऊ शकते.

पाटी दारावर बसवल्यावर ताईने पहिल्यांदा अनुस्वारावरून बोट फिरवले आणि तो वेगळा बसवला आहे का, असे विचारले. सांधा तिला दिसला नव्हता. त्याची रेषा खालच्या अक्षरांशी थोडी फिरलेली तिच्या नजरेने टिपली होती. चिकटवताना गोल तुकडा काही अंश वळला असणार. पुढच्या वेळी कापण्याआधीच अशा तुकड्याच्या मागे पेन्सिलीने रेषेची दिशा दाखवणारी खूण करणार आहे. पुढचे नाव 'कृष्णाई' आहे. त्यात ऋकार 'क'च्या तळाला एका बारीक बिंदूत टेकतो आणि 'ष्ण' या जोडाक्षराची गर्दी आहे. ऋकाराचे तीन वेगवेगळे आकार प्लायवुडच्या कातरणांत कापून झाले आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत जाड आकार सागात टिकतो का हे या शनिवारी पाहणार आहे.