दूध उतू गेलं

परवा सकाळी दूध उतू गेलं. म्हणजे मी ओट्याशी मोबाइल बघत उभा होतो आणि ते गेलं. वास आल्यावर बायको आतून म्हणाली, "घालवलंस ना उतू?"

दूध तेच, पातेलं तेच. माझ्या वाक्यात कर्ता दूध होतं, तिच्या वाक्यात मी.

मराठीनं ही सोय फार मायेनं करून ठेवली आहे. आपल्या घरात कप फुटतो, गाडी चुकते, किल्ली हरवते, विजेचं बिल भरायचं राहतं. फोडणारा, चुकवणारा कुणी नसतोच. आमटी जमली की मात्र ती नुसती 'झाली' नसते, 'मी केलेली' असते.

दुधाचंही ऐकून घ्यावं. तापताना त्यावर साय धरते, खाली वाफ कोंडते आणि ती सायीला उचलत वर येते. पाण्याचं तसं होत नाही. म्हणजे दोष दुधाच्या स्वभावाचाच. पण तो ठाऊक होता म्हणून तर मला तिथं उभं केलं होतं!

नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरजवळ पुरानं पूल खचून गाडी नदीत कोसळली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. त्याआधी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा दिला होता, तो नेहरूंनी घेतला नव्हता. हा घेताना मात्र नेहरूंनी सांगितलं, की शास्त्री दोषी आहेत म्हणून नव्हे, एक पायंडा पडावा म्हणून घेतोय. पूल काही शास्त्रींनी पाडला नव्हता. दोष नसताना जबाबदारी घेणं, याला मी बिनदिक्कत सद्गुण म्हणेन. दोष असताना घेणं म्हणजे नुसतं खरं बोलणं. तेही जड जातं, ही गोष्ट वेगळी.

आणि "माझंच मेलं सगळं चुकतं" म्हणत बसणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. त्यांची समजूत काढण्यात आपला अर्धा तास जातो आणि ओटा आपल्यालाच पुसावा लागतो.

आई 'माझ्या हातून फुटला' म्हणायची. मनात नव्हतं, पण हात माझाच. एवढं म्हणून ती केरसुणी आणायला वळायची.

मी ओटा पुसला, पातेलं भिजत घातलं आणि बाहेर येऊन म्हणालो, "मी घालवलं."

"ते कळलं," ती म्हणाली. "बर्नरखाली पुसलंस का?"