तुम्ही विचारलंत म्हणून: ते सगळं फेकून का देत नाहीत?

"कवट्या मोजून माणसाची लायकी ठरवणं, वंशशुद्धी वगैरे सगळं खोटं ठरलं ना, मग म्युझियमवाले ते अजून कशाला जपून ठेवतात?" मला म्युझियमचं वेड आहे हे कळलं की कोणीतरी हे विचारतंच. माझं उत्तर निम्मं हो, निम्मं नाही असं आहे: मोजायची साधनं ठेवा, माणसं परत द्या.

साधनं का, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संग्रहात ऑयगेन फिशर या जर्मन शास्त्रज्ञाची एक डबी आहे, आत केसांच्या रंगांचे नमुने ओळीने लावलेले, अगदी हेअर डायच्या शेडकार्डसारखे. हाच फिशर १९०८ मध्ये आजच्या नामिबियात मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेत फिरला आणि १९३३ मध्ये नाझींच्या काळात बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाला. म्हणजे हा कोणी गल्लीतला भोंदू नव्हता हो, चांगला मान असलेला प्रोफेसर होता, आणि ती डबी फेकली तर नेमकं हेच विसरायला होईल.

माणसांचं वेगळं. सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेची बाई, जिवंतपणी युरोपात तिचं प्रदर्शन मांडलं, १८१५ मध्ये वारली तर क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं विच्छेदन केलं, पुढे पॅरिसच्या म्युझियममध्ये तिचा सांगाडा १९७०च्या दशकापर्यंत लोकांसमोर उभा, आणि घरी कधी गेली तर २००२ मध्ये! फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियमकडे सॅम्युअल मॉर्टन या अमेरिकन डॉक्टरने सुरू केलेल्या संग्रहातल्या हजारावर कवट्या, त्यांत तो बिया नाहीतर शिशाचे छर्रे भरून मेंदूचा आकार मोजायचा. २०२१ मध्ये म्युझियमने माफी मागितली, २०२४ मध्ये त्यातल्या १९ दफनभूमीत ठेवल्या, तर काही स्थानिक लोक चिडले की आम्हाला नीट न विचारता घाई केलीत. बरोबरच आहे, जमवतानाही कुठे विचारलं होतं?

पण मला खरा राग येतो तो पाट्यांचा. "त्या काळी असे मानले जात असे." कोण मानत होतं? ज्यांना मोजलं ते तर नक्कीच मानत नसणार. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९२१ आणि १९३२ मध्ये युजेनिक्सच्या (म्हणजे "चांगल्या" वंशाचीच माणसं वाढवायची या कल्पनेच्या) आंतरराष्ट्रीय परिषदा स्वतःच्याच इमारतीत भरवल्या होत्या, म्हणून अशा दालनात शिरले की मी आधी पाटीत "आम्ही" हा शब्द शोधते, कवटी नंतर बघते.