अडीच फूट उंचीचा रीफ टँक: माझा अनुभव

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवण्याचा काचेचा टँक. उंच टँक कमी जागेत बसतो आणि देखणा दिसतो, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. माझा टँक ९० सेंमी लांब, ६० रुंद आणि ७५ उंच आहे. काठोकाठ भरला तर ४०५ लिटर. १२० × ६० × ५६ च्या आडव्या टँकमध्येही जवळजवळ तेवढंच पाणी मावतं, पण त्याचा पृष्ठभाग ०.७२ चौरस मीटर असतो आणि माझा ०.५४. म्हणजे हवा मिसळायला पाव हिस्सा जागा कमी. शिवाय उजेडाला १९ सेंमी जास्त पाणी कापावं लागतं, पंपाला चढ जास्त पडतो आणि तळाला हात पोचत नाही. पुढचं सगळं या चार अडचणींभोवतीच फिरतं.

आधी प्राणी ठरवावेत, मग दिवा. आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. ॲक्रोपोरा, ब्रेन, युफिलिया असे सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. सी-फॅन, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप आणि फायर कोरलही त्यातच. परदेशातून आलेला दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात येतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ‘कोणी बघायला येत नाही’ हे दुकानातलं उत्तर ऐकू नका. मऊ प्रवाळ, म्हणजे मश्रूम, झोअँथिड, टोडस्टूल लेदर, सायन्युलॅरिया, केनिया ट्री, झिनिया, या यादीत नाहीत. गंमत म्हणजे उंच टँकच्या तळाशी मिळणारा बेताचा उजेड यांनाच मानवतो. मऊ प्रवाळ ठरवले तेव्हाच उंचीचा निम्मा प्रश्न सुटला. बिल मात्र प्रत्येक तुकड्याचं जपून ठेवतो.

आता वजन. १५ मिमी काचेचं साधारण १०५ किलो, खारं पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (टँकखालची गाळणीची टाकी) धरून सगळं ७०० किलोच्या आसपास जातं. ते अर्ध्या चौरस मीटरवर उभं राहतं. घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार पसरतो. पण टँक खोलीच्या मध्यभागी ठेवायचा नाही. बीमवर, भिंतीला लागून, स्टँडचे पाय बीमच्या रेषेत हवेत. इमारतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. त्याची फी टँकच्या खर्चापुढे किरकोळ असते.

काचेवरचा दाब लांबीपेक्षा उंचीने जास्त वाढतो. या मापाला १२ मिमी ‘चालते’ असं टँक बनवणारे सांगतात. हिशेब मांडला तर १२ मिमीत सुरक्षेची जागा कमी उरते, म्हणून १५ मिमीच घ्यावी. सिलिकॉन ॲक्वेरियमचंच हवं. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते जिवांना घातक. जोड आठवडाभर सुकू द्यायचे, मग स्टँडवर साध्या पाण्याने भरून तीन दिवस गळती बघायची. स्टँड ५० × ५० मिमी एमएस चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग केलेला. कोटिंग टवकलं की खाऱ्या पाण्याने वेल्डिंगच्या जागा आधी गंजतात.

स्टँडच्या उंचीत एक पेच आहे. ७५ सेंमीचा स्टँड केला तर टँकचा काठ दीड मीटरवर जातो आणि रोज स्टुलावर चढावं लागतं. ५५ चा केला तर खाली स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) मावत नाही, कारण चांगला स्किमरच ५० ते ५५ सेंमी उंच असतो आणि त्याचा कप वर उचलून काढायला आणखी जागा लागते. मी ७५ ठेवला. पक्कं, रुंद पायऱ्यांचं स्टूल आणि ७० सेंमी लांब चिमटा ही टँकचीच सामग्री समजावी.

पाणी खाली नेण्यासाठी दोन पाइप आहेत. पहिला पूर्ण भरून, हवेविना वाहतो, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा आपत्कालीन, वर व्हॉल्व्ह नाही, तोंड थोडं उंच. व्हॉल्व्ह इतका उघडायचा की दुसऱ्या पाइपात बोटभर धार जाईल. मग आवाज जवळजवळ येत नाही. पहिल्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त २ सेंमी बुडवायचं. जास्त बुडवलं तर वीज गेल्यावर पुन्हा सुरू होताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाइप गुरगुरत बसतो. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी देतात. तो नको. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि प्रवाळ, कोळंबी, शंख यांचा जीव घेतं. यूपीव्हीसीचाच मागून घ्यावा.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा फसवा असतो, कारण तो शून्य चढाचा असतो. सम्पपासून टँकच्या काठापर्यंत आणि कोपरे धरून माझा चढ १.८ मीटर होतो. ६००० लिटरचा पंप तिथे निम्म्याच्याही खाली येतो. मला ताशी २००० ते २५०० लिटर पुरतं. पंपासोबत येणारा आलेख बघूनच घ्या. आणि परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली ३ सेंमीपेक्षा खोल ठेवू नका. वीज गेली की पाणी त्या तोंडापर्यंत उलटं खाली येतं. माझ्या टँकमध्ये पातळी १ सेंमी उतरली की ५.४ लिटर सम्पमध्ये जातात. ५ सेंमी धरले तर २७ लिटर. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा कायम हवी, नाहीतर पाणी फरशीवर. सगळी वायरिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी.

पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी), टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये मिनरल काडतूस किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, ते पाणी चालत नाही. ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन तासाला जेमतेम १२ लिटर देतो, म्हणजे पहिल्या भरणीला दीड दिवस. ज्या सोसायटीत पाणी सकाळी दोनच तास येतं तिथे साठवणीची टाकी आणि बूस्टर पंप धरूनच चला. लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ, एकूण ४०० लिटरला १५ किलोच्या घरात. क्षारता, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) शुद्ध पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी आणणारे आहेत. पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते, गाळ आणि सांडपाणी वेगळंच. मी त्या वाटेला जात नाही.

दगडांची रचना आडव्या टँकपेक्षा वेगळी लागते. नुसते रचत गेलात तर ढीग होतो, मधून पाणी फिरत नाही आणि घाण आत बसते. मी कृत्रिम, कोरडा सच्छिद्र दगड ३० किलो घेतला. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा कुठल्याही रीफवरून उचललेला ‘जिवंत दगड’ हा गुन्हाच आहे. दगडांना १० मिमीची भोकं पाडून त्यात फायबरग्लासची कांडी आणि इपॉक्सी भरून दोन खांब उभे केले, एक उंच, एक बुटका. खांब थेट काचेवर नाहीत, खाली पॉलिप्रोपिलीनची शीट आहे. वाळू नंतर, २ ते ३ सेंमी, ॲरागोनाइटची. चारही बाजूंनी १२ सेंमी जागा मोकळी ठेवली, नाहीतर काच पुसायचा मॅग्नेट अडकतो. उंच खांबाचा माथा पृष्ठभागापासून २५ सेंमी खाली हवा. लेदर तेवढं सहज वाढतं.

सायकलिंगसाठी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसवण्यासाठी, मासे वापरू नका. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याचा नाही तर प्रयोगशाळेच्या प्रतीचा. ४०० लिटरला २.५ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) होतो. बाटलीतले जिवाणू सोडायचे, दिवा बंद. २४ तासांत २ पीपीएम अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल पूर्ण. साधारण ४ ते ६ आठवडे. त्यानंतर दिवा लावला की तपकिरी डायटम, मग हिरवं केसासारखं शेवाळ, कधी लालसर चादर, असा क्रम लागतो. घाबरून सगळी पोषकद्रव्यं शून्यावर आणली तर डायनोफ्लॅजेलेट (शेवाळासारखे चिवट सूक्ष्मजीव) येतात आणि ते जाता जात नाहीत. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये ठेवा.

दिव्याच्या बाबतीत वॅटपेक्षा लेन्स महत्त्वाची. १२० अंशांची लेन्स उजेड काचांवर सांडते, वरचा थर उजळतो, खाली अंधार राहतो आणि काचेवर शेवाळ मिळतं ते वेगळं. ६० ते ९० अंशांची लेन्स असलेले दोन एलईडी पाण्यापासून २० सेंमी वर टांगले. पार मीटरवर (प्रवाळाच्या उपयोगाचा उजेड मोजणारं यंत्र) पृष्ठभागाखाली १५ सेंमीला २५० च्या आसपास, मध्यावर १२०, वाळूवर ५५ मिळतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतं. पाणी पिवळसर झालं की निळा उजेड खाली पोचत नाही, आणि खोल टँकमध्ये हा फरक मोठा असतो. याचीच उलट बाजू: नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घातला की पाणी दोन दिवसांत लख्ख होतं आणि खालच्या मश्रूमांना अचानक जास्त उजेड बसून ती आक्रसतात. म्हणून कार्बन बदलताना दिवा १५ टक्के उतरवतो आणि आठवड्याभरात परत चढवतो.

प्रवाह एकूण ताशी ८००० लिटरच्या पुढे. वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप) दोन, पण एकाच उंचीवर नाहीत. एक वर, पृष्ठभाग ढवळायला. दुसरा मागच्या कोपऱ्यात वाळूपासून २० सेंमीवर, तिरका वर तोंड करून. तो नसेल तर खांबांच्या मागे पायाशी काळपट गाळ साचतो आणि नायट्रेट चढत जातं.

मांडणी: टोडस्टूल आणि सायन्युलॅरिया वर, झोअँथिड मध्ये, मश्रूम तळाशी. झिनिया वेगळ्या सुट्या दगडावर, कारण ती मुख्य खांबावर चढली की आवरत नाही. नवा तुकडा आयोडीनच्या डिपमधून काढून दोन-तीन आठवडे खाली ठेवतो, मग वर नेतो. टोडस्टूल मधूनच मिटतं, त्यावर मेणचट साय येते आणि आठवडाभर पॉलिप दिसत नाहीत. ते मेलेलं नसतं, कात टाकतंय. त्यावर जरा जोराचा प्रवाह सोडला की साय निघून जाते. लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना दाबतात, म्हणून १५० ग्रॅम कार्बन महिन्याला बदलणं टाळू नये. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापायचे, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही किंवा त्यावर गरम पाणी ओतायचं नाही. त्या वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत.

माशांबद्दल थोडक्यात. ९० सेंमी लांबीत टँग नको, त्याला पोहायला लांबी लागते, उंची नाही. क्लाउनफिशची जोडी, रॉयल ग्रामा, फायरफिश, वाळूवर गोबी आणि पिस्तूल कोळंबी. क्लाउनफिश पैदास केलेलाच घ्या. तमिळनाडूतल्या मंडपमच्या सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केंद्राने त्याची पैदास कधीच बसवली आहे. फायरफिश उडी मारतो, त्यामुळे वर ६ मिमीची जाळी. प्रत्येक मासा वेगळ्या टँकमध्ये ३० दिवस, चिलेटेड कॉपर हे तांब्याचं औषध २ ते २.५ पीपीएम. इथे कंटाळा करू नका, कारण खांबांच्या रचनेतून मासा पकडायचा म्हणजे निम्मं पाणी आणि प्रवाळ बाहेर काढणं. एकदा इच (माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) शिरला की मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो.

तापमान २५ ते २६. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात पृष्ठभागावरचे पंखे ३ अंश उतरवतात, पण रोजचं ५ लिटर बाष्पीभवन ८ ते १० वर जातं. मुंबईत मे महिन्याच्या दमटपणात पंखा फारसं काही करत नाही, तिथे पाव एचपीचा चिलरच हवा. तो ड्राय बाल्कनीत ठेवावा, स्टँडखाली ठेवला तर स्वतःच सोडलेली उष्णता परत ओढतो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) नसेल तर ५ लिटर उडाले की क्षारता एका दिवसात ३५ वरून ३५.४ होते, आणि सुट्टीवर गेलात तर चार दिवसांत प्रवाळ मिटतात. एसी लावून खिडक्या बंद असल्या की खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच ७.८ पर्यंत उतरतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेली की तो सुधारतो.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो, म्हणजे ४० लिटर आणि दीड किलो मीठ. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४३०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. मऊ प्रवाळ कॅल्शियम फार खात नाहीत, त्यामुळे वेगळं डोसिंग लागत नाही. अल्कलिनिटी घसरलीच तर ४०० लिटरला १२ ग्रॅम खाण्याचा सोडा १ डीकेएच वाढवतो. आरओच्या पाण्यात विरघळवून सम्पमध्ये हळूहळू ओतायचा, दिवसाला १ डीकेएचच्या वर नाही.

राहिली वीज. कमी पृष्ठभागामुळे या टँकमध्ये प्राणवायू आडव्यापेक्षा लवकर संपतो. २५ अंशांना खाऱ्या पाण्यात लिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना ६.२. म्हणजे उन्हाळ्यात लोडशेडिंग झालं की दोन्हीकडून मार. इन्व्हर्टरवर चिलर घेऊ नका, बॅटरी लगेच बसते. वरचा वेव्हमेकर आणि परतीचा पंप एवढेच घ्या. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप, पण त्याचा बुडबुड्यांचा दगड तळापर्यंत सोडू नका. ७५ सेंमी पाण्याखाली छोट्या बॅटरी पंपाची हवा खूप कमी पडते. ३० सेंमीवर लटकवला तर बुडबुडे नीट येतात आणि तेवढ्याने रात्र निघते.